दात माझा पडला, फोनचा नाही

हाजरा आपा नव्या पोराला नाव नंतर विचारायच्या. आधी म्हणायच्या, "आ कर." पोरगं घाबरून आईच्या मागं लपायचं आणि आईला वाटायचं, आपण चुकून दातांच्या डॉक्टरकडं आलो की काय. आपा त्याची हनुवटी दोन बोटांत धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडं फिरवायच्या, जीभ वर उचलायला लावायच्या, पार पडजिभेपर्यंत बघायच्या आणि निकाल द्यायच्या. "जीभ मोकळी हाय, शिकंल." किंवा, "पुढचे दोन पडलेत ह्याचे. नवे येईस्तोवर सीन आणि साद ही 'स'ची अक्षरं घ्यायची नाहीत." मग कुठं नाव, बापाचं नाव, घर कुठं.

निलंग्यात बसस्टँडच्या मागं आमचा मोहल्ला. तिथल्या मशिदीला लागून एक पत्र्याची खोली होती, आणि शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत तिथं आपांचा वर्ग भरायचा. अरबी वाचायला शिकायचं, कुराण वाचता यायला हवं, म्हणून मोहल्ल्यातलं प्रत्येक पोर तिथून गेलेलं. पहिल्या पुस्तकाला कायदा म्हणतात. पण आपांकडं कायद्याच्या आधी आरसा लागायचा. खिशात मावेल असा गोल आरसा. आपलं तोंड आरशात बघायचं, मग आपांचं तोंड बघायचं, मग अक्षर काढायचं. शेजारच्या गल्लीतल्या बायका आम्हाला बघून हसायच्या, "ही पोरं शिकायला चालली का दाढी करायला?"

आपांचं म्हणणं असं, की प्रत्येक अक्षराला तोंडात स्वतःचं घर असतं. कुणी ओठावर राहतं, कुणी दातांमागं, कुणी पार घशात. मी सहा वर्षांची होते आणि माझा मोठा काफ काही केल्या निघेना. तो जिभेच्या मुळाशी, घशाच्या तोंडाशी लागतो. माझा यायचा पुढूनच. "अगं, तो मागल्या खोलीत राहतो," आपा ओरडायच्या. "तू त्याला दारातच काय बसवून ठेवलीस? पाव्हणा हाय का तो?" आठ दिवस हेच. आठव्या दिवशी निघाला. आपांनी मला एक खारीक दिली आणि सगळ्यांना सांगितलं, "हिनं आठ दिवस बोलणी खाल्ली, पण रडली नाही." रडले होते मी. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले होते, पण ते सांगायला मी काय येडी होते?

त्या मूळच्या हिमायतनगरच्या. वडील तिथल्या मशिदीत पोरांना शिकवायचे आणि लहानगी हाजरा पडद्यामागं बसून ऐकायची. एकदा वडिलांनी एका पोराला काहीतरी विचारलं, पोराला येईना, आणि पडद्यामागून उत्तर आलं. वडिलांनी पडदा बाजूला केला आणि तिला पुढं आणून बसवलं. लोक बोलले. "अब्बा म्हणाले, बोलू दे, त्यांना दुसरं काय येतं?" हे वाक्य आपा इतक्या वेळा सांगायच्या की आम्ही त्यांच्याबरोबर म्हणायचो. लग्न होऊन निलंग्यात आल्या. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, तो लवकर गेला. मुलगा पुण्याला, दर सणाला आग्रह करायचा, अम्मी इकडं या. आपा म्हणायच्या, "जाऊन काय करू? तिथं आठव्या मजल्यावर मला कोण सबक देणार?" सबक म्हणजे रोजचा धडा, पोरं तो म्हणून दाखवायची. तो घेतल्याशिवाय त्यांना भाकर गोड लागायची नाही.

आमच्या घराघरांतलं बोलणं दखनी, म्हणजे इकडची उर्दू, पण मी इथं बहुतेक मराठीतच सांगते. त्याला कारण आहे. आपा दखनीत रागावल्या की तो राग वाटायचाच नाही, लाड वाटायचे. खरा राग आला की त्या मराठीवर यायच्या. समोरच्याला कळायचं, आता खैर नाही.

फोनशी त्यांचं पहिलं भांडण मला चांगलं आठवतं. एक आई आपल्या मुलाला घेऊन आली, मोठ्या तोऱ्यात. मुलगा फोनवरच्या कुठल्याशा ॲपवर शिकला होता. तो वाचायचा आणि फोन हिरवी खूण द्यायचा. आपांनी फोन बाजूला ठेवायला लावला. मुलानं वाचलं. आपांनी परत वाचायला लावलं, मग तिसऱ्यांदा. "फोननं पास केलं असंल. मी नाही केलं," म्हणाल्या. आईचा चेहरा पडला. ती मुलाचा हात धरून निघाली तेव्हा आपांनी तिला थांबवलं. "थांब गं. हे रोज किती वेळ बसतंय फोनसमोर?" अर्धा तास, आई म्हणाली. आपा माझ्याकडं वळल्या. मी तोवर मोठी होऊन बसस्टँडजवळ माझा स्वतःचा कॉम्प्युटर क्लास काढला होता, आणि त्या दिवशी सहज आले होते. "रिजवाना, माझ्यासमोर हेच पोरगं दहा मिनिटं बसंना. मग या डब्यात काहीतरी असणारच की!"

मग लॉकडाऊन लागला. मशीद बंद, खोलीला कुलूप, माझा क्लासही बंद. चौथ्या दिवशी आपा माझ्या दारात. ओढणी नाकापर्यंत ओढलेली.

"मला त्या डब्यात बसव," म्हणाल्या.

मी म्हटलं, बसवते की. तांदळाच्या डब्यावर फोन टेकवून उभा केला, आपांना समोर बसवलं. त्यांनी फोनमध्ये स्वतःला बघितलं आणि म्हणाल्या, "चेहरा नको. चेहरा काय करायचाय पोरांना? नाकाखाली आणि हनुवटीच्या वर, एवढंच घे." मी फोन जवळ नेला. अजून जवळ, म्हणाल्या. शेवटी पडद्यावर फक्त तोंड उरलं. एका अक्षराचा एक व्हिडिओ. आधी ओठ, मग जीभ कुठं टेकते ते सावकाश, मग आवाज, तीन वेळा. मागं माझ्या सासूबाईंचा मिक्सर घरघरतोय, कुठं कुत्रं भुंकतंय. तसेच ते पोरांच्या घरच्या फोनवर गेले. एका घरात पाळण्यातलं बाळ ते एवढं मोठं तोंड बघून किंचाळत सुटलं म्हणे. आपांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे घसा चांगला हाय. पाचव्या वर्षी पाठवा म्हणावं."

मशिदीच्या कमिटीचे सदर साहेब, म्हणजे अध्यक्ष, आठवड्याभरात आले. मोंढ्यात, धान्यबाजारात त्यांचं दुकान, माणूस तसा वाईट नाही. कुणाच्या घरी मयत झाली की सगळ्यात आधी हजर. दारातूनच म्हणाले, "आपा, तुमचा आदर हाय मोहल्ल्यात. पण बाईमाणसाचं तोंड फोनफोन फिरायलंय. शोभतं का?"

आपा आधी दखनीत बोलत होत्या. त्या मराठीवर आल्या. "याच तोंडानं तुमच्या तिन्ही पोरांना शिकवलं, सदर साहेब. तवा शोभत होतं?"

"ते खोलीत होतं."

"तेच तोंड हाय. खोली बंद केली तुम्ही, तोंड नाही."

ते गेले. त्या वेळी फार ताणलं नाही त्यांनी, कारण लॉकडाऊन उठला की हे सगळं आपोआप थांबेल असं त्यांना वाटत होतं. खरं तर मलाही तसंच वाटत होतं. आपांच्या डोक्यात मुस्कान होती, हे मला माहीत नव्हतं.

मुस्कानचे आईबाप ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की टोळी ट्रॅक्टरमध्ये बसून कर्नाटकातल्या कारखान्यावर जायची, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत. पोरगी बरोबरच. तिकडं उसाच्या पाचटाच्या कोप्यांत राहायचं, धाकट्या भावाला सांभाळायचं. चार महिन्यांत इथलं सगळं विसरून यायची आणि आपा तिला परत पहिल्या अक्षरावर घ्यायच्या. तीन वर्षं ती पोरगी अलिफपाशीच उभी. हुशार नव्हती असं नाही. तिसऱ्या वर्षी टोळी परत आल्यावर ती वर्गाला आलीच नाही. आपा घरी गेल्या तर म्हणाली, "आपाजी, माझ्यापेक्षा लहान पोरं पुढं गेलीत. लाज वाटती." हे आपांच्या मनाला फार लागलं होतं. खोली पुन्हा उघडली, पोरं परत आरसे घेऊन आली, आणि दिवाळीनंतर टोळी निघाली तेव्हा आपांनी मला टोळीच्या मुकादमाचा नंबर शोधायला लावला. त्याच्या फोनवर सगळे व्हिडिओ धाडले आणि त्याला बजावलं, "रोज संध्याकाळी दहा मिनिटं फोन पोरीच्या हातात. तुझ्या अम्मीला मी ओळखते."

मुस्कान शिकायची आणि आपला आवाज पाठवायची. मागं ट्रॅक्टर, माणसांची आरडाओरड, मधेच तिचा भाऊ काहीतरी मागायचा. आपा एक एक आवाज कानाला लावून ऐकायच्या आणि उत्तर द्यायच्या. "जीभ दातांच्या बाहेर काढ थोडी. लाजू नको, कोण बघायलंय तिथं?" उन्हाळ्यात पोरगी परत आली ती सगळा कायदा संपवून. आपांनी तिला खोलीत सगळ्यांसमोर वाचायला लावलं. कौतुकाचा एक शब्द काढला नाही. "हं, पुढचं पान," एवढंच. पण त्या दिवशी सगळ्या वर्गाला बुंदी मिळाली, आणि कशाबद्दल ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

तेव्हापासून त्यांची रीत ठरली. नवं अक्षर खोलीत, समोरासमोर, आरसा धरून. घरी घोकायला व्हिडिओ. आणि टोळीवरच्या पोरांना, ती आता सहा झाली होती, व्हिडिओ आणि आवाज. "फोन शंभर वेळा तेच सांगतो, न कंटाळता," त्या म्हणायच्या. "मी तिसऱ्या वेळेला ओरडते. पण पोरानं कुठं चोरी केली ते त्याला कळत नाही, मला कळतं. दोघं मिळून एक उस्ताद होतो."

आता चुकीची गोष्ट सांगते. ती सांगितल्याशिवाय आपा कळणार नाहीत, आणि माझाही त्यात हात आहे.

मी हौसेनं एक चांगला माइक आणला. म्हटलं, आपा, जुन्यांमध्ये मिक्सर ऐकू येतो, नव्यानं करू. त्याच्या महिनाभर आधी सुपारी फोडताना आपांचा वरचा पुढचा दात तुटला होता. बोलताना थोडी फट दिसायची, त्या ओढणी पुढं घ्यायच्या, इतकंच. आम्ही एकोणतीस अक्षरं नव्यानं केली. आवाज कसा स्वच्छ! मी स्वतःवर खूश. वर्गातल्या नव्या बारा पोरांनी त्या हिवाळ्यात तेच ऐकलं. टोळीवरच्या सहांनीही तेच.

थंडीत जलसा झाला. वर्षातून एकदा पोरं सगळ्या मोहल्ल्यासमोर वाचून दाखवतात, बाहेरून कुणी जाणता माणूस परीक्षेला येतो. त्या वर्षी नांदेडचे एक म्हातारे मौलाना आले होते. पहिला मुलगा उभा राहिला. छान वाचत होता, आणि सीन आला तशी बारीक शिट्टी वाजली. लोक हसले, लहान आहे म्हणून. दुसरी मुलगी. तिचीही शिट्टी. तिसरा, चौथी. मग कुणी हसेना. बाराच्या बारा पोरं सीनवर, सादवर शिट्टी घालत होती, आणि कशी, तर अगदी एकसारखी. एकाचाही दात पडलेला नव्हता.

पडद्यामागं बायकांत आपा माझ्या शेजारी होत्या. त्यांचा हात हळूच तोंडाकडं गेला. त्यांनी जिभेनं ती फट चाचपली.

मौलानांनी एका मुलाला विचारलं, "कुणाकडून शिकलास बाळ?"

"आपाजींकडनं. फोनवर बघून."

सदर साहेब ताडकन उठून माइकपाशी गेले. "बघा! मी पहिल्यापासून सांगायलो. हा फोनचा प्रताप. दीन-धरम शिकायची चीज का ही, डब्यातनं? पोरांची जबान बिघडवून टाकली."

आपा उभ्या राहिल्या. पडद्यामागूनच, माइक नाही काही नाही, अशा कडाडल्या की मंडपाच्या टोकाला ऐकू गेलं असेल. "दात माझा पडला, फोनचा नाही! फोननं मी जशी होते तशी दाखवली. पोरांनी जसं ऐकलं तसं म्हटलं. दोघं खरे. खोटी मी. आख्ख्या मोहल्ल्याचे दात बघत आले आणि स्वतःचा बघितला नाही, माझी शिट्टी माझ्याच कानाला सवयीची झाली. मौलाना साहेब, मला चाळीस दिवस द्या. यातलं एक पोर शिट्टी वाजवताना सापडलं तर मी घरी बसते."

मौलानांनी दाढी कुरवाळली. "दिले," म्हणाले.

त्यांनी दिले, कमिटीनं नाही दिले. दुसऱ्या दिवशी आपांना बोलावणं आलं, मी बरोबर गेले. सदर साहेबांनी अट घातली. खोली आपांचीच, वर्ग आपांचाच. फक्त सगळे व्हिडिओ पुसायचे, जुने-नवे सगळे, आणि पुन्हा फोनचं नाव काढायचं नाही. आधी चालत होतं तसं चालू द्या. खरं सांगते, मला वाटलं आपांनी हो म्हणावं. वय झालं होतं त्यांचं, त्या खोलीत त्यांचा आख्खा जन्म गेला होता.

आपांनी विचारलं, "आणि टोळीवरची पोरं?"

"परत आली की शिकतील की. कुठं पळायलीत?"

"परत आली की अलिफ. आणि गेली की सगळं साफ. त्यांचे आईबाप ऊस तोडतात म्हणून त्यांनी जन्मभर अलिफच म्हणायचा?"

"आपा, सहा पोरांसाठी तुम्ही..."

"सहा? तुमच्या घरची असती तर मोजली असती का?" आपांनी ओढणीच्या गाठीतून खोलीची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली. "चुकलेले मी पुसते, कुणी न सांगता. बाकीचे नाही पुसणार. खोली तुमची हाय. सबक माझा हाय."

बाहेर आल्यावर मात्र पायरीवर बसल्या. "रिजवाना, मी येडेपणा केला का गं?" मी म्हटलं, हो, केला. आणि माझा क्लास संध्याकाळी रिकामा असतो.

असा आपांचा वर्ग माझ्या कॉम्प्युटरांमध्ये आला. टेबलांच्या मध्ये सतरंजी, वर मॉनिटर, खाली आरसे घेतलेली पोरं. पहिल्या दिवशी बारांतली सातच आली. आपांनी सातांना घेतलं.

दातासाठी आम्ही एसटीनं लातूरला गेलो. डॉक्टर तरुण, भला. म्हणाला, काळजी करू नका आजी, हरभरे खाल तुम्ही. आपा म्हणाल्या, "हरभरे जाऊ दे. मला बोलायला दात पाहिजे." खुर्चीत बसून त्यांनी त्याला सीन, साद म्हणून दाखवले आणि जीभ कुठं टेकते ते आरशात समजावून सांगितलं. त्यानं दात दोनदा घासून दिला. बाहेर येताना मला म्हणाला, "मॅडम, मला कॉलेजात हे शिकवलंच नाही."

पण नवा दात बसला आणि वेगळंच संकट. जीभ त्याला ओळखेना. शिट्टी गेली, तर सीन जाडा यायला लागला, बोबडा. आपा दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या आणि विचारलं, "ते पहिले हायत का? मिक्सरवाले?" होते. नवे केले तेव्हाच पुसायचे म्हणून ठरवलं होतं आणि आळसानं राहून गेले होते. आयुष्यात माझा आळस एवढा कुणाच्या कामी आला नसेल.

मग मी जे पाहिलं ते विसरणार नाही. आपा सतरंजीवर पोरांच्या रांगेत बसल्या. एका हातात आरसा, समोर फोन, फोनमध्ये त्यांचंच जुनं तोंड. तोंड म्हणायचं सीन, आपा म्हणायच्या सीन. पोरं आधी एकमेकांकडं बघायला लागली. आपांनी फर्मावलं, "ऐका. माझा चुकला की सांगा. लाजाल तर मार खाल." पाच वर्षांची अलिझा कान देऊन ऐकत बसली आणि म्हणाली, "आपाजी, अजून जाडा यायला."

"हाव? परत म्हणते."

परत म्हटला. पन्नास वेळा म्हटला असेल. मी मागं कीबोर्ड पुसत बसले होते, डोळे पुसत होते म्हटलं तरी चालेल. वयानं, मानानं एवढी मोठी बाई, आणि पाच वर्षांच्या पोरीसमोर आ करून बसली होती. तेव्हा मला त्यांचा इतका अभिमान वाटला की त्या सदर साहेबांना तिथं ओढून आणून दाखवावंसं वाटलं.

आठवड्यात सीन जागेवर आला. तोवर बाकीची पाच पोरंही आली होती. टोळीसाठी आपांनी नवा व्हिडिओ केला आणि सुरुवातीलाच बोलल्या, "मुस्कान, मागला सीन आणि साद चुकले. दात गेला होता माझा. ते पुसून टाक, हे घे. आणि पोरांना सांग, आपाजी चुकली होती."

चाळीसाव्या दिवशी मौलाना माझ्या क्लासमध्ये आले. सदर साहेबही आले, दाराजवळच्या खुर्चीवर बसले. बारा पोरांनी वाचलं. एकही शिट्टी नाही. मौलाना खूश झाले, उठायला लागले तर आपा पडद्याआडून म्हणाल्या, "अजून सहा राहिली." मी मोठ्या मॉनिटरवर फोन जोडला. कोप्यांपाशी रेंज नव्हती, म्हणून मुस्कान सहाही पोरांना घेऊन उसाच्या ट्रॉलीवर चढून बसली होती. वाऱ्यानं ओढण्या उडायल्या. एकेकानं वाचलं. चित्र अडकायचं, मौलाना थांबायचे, परत ऐकायचे. सगळं झाल्यावर त्यांनी मुस्कानला विचारलं, "बेटी, तिथं ह्यांची चूक कोण पकडतं?"

"मी पकडते," ती म्हणाली. "फोन ऐकवतो, तोंडात मी बघते. आपाजींनी तसंच सांगितलंय."

मौलानांनी वहीत अठरा नावं लिहिली आणि सगळ्यांपुढं एकच खूण केली. सदर साहेबांना म्हणाले, "मला तर एकच वर्ग दिसला." चार दिवसांनी सदर साहेबांचा निरोप आला, खोली उघडी आहे, या. व्हिडिओ ठेवा, पण त्यात नुसता आवाज असू द्या, तोंड नको. आपा मराठीतच हसल्या. "सांग त्यांना, इथली ट्यूबलाइट चांगली हाय. पोरांना माझं तोंड स्वच्छ दिसतंय."

आणखी दोन वर्षं त्या माझ्याकडं शिकवत होत्या. गेल्या दिवाळीनंतर टोळी निघून गेली आणि पंधरा दिवसांत आपा आजारी पडल्या. लातूरच्या दवाखान्यात सहा दिवस होत्या. मुलगा पुण्याहून आला होता. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मी गेले की पुसा म्हणतील. मेलेल्या बाईचं म्हणून सगळ्यांना पटंल. तू नक्को पुसू." मी म्हटलं, असं नका बोलू. तर त्या खोल गेलेल्या आवाजातही मराठीवर आल्या. "मी कसं बोलू ते नको सांगू. पुसणार नाही म्हण." म्हटलं.

त्या गेल्या. मोहल्ला लोटला होता, जनाजा सदर साहेबांनीच सगळ्यात पुढं खांद्यावर घेतला. आठवड्यानं ते माझ्या क्लासमध्ये आले. खुर्चीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. डोळे खरोखर भरलेले होते, खोटं कशाला सांगू? म्हणाले, "बेटा, आता तरी पुसून टाक. गेलेल्या माणसाचं तोंड, आवाज असा फिरत राहू नये. आपांना आराम मिळू दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आराम आपांनी मागितला होता का? कधी? तुमच्याकडं मागितला?"

"मी चांगल्यासाठी सांगायलो."

"चांगलंच सांगताय. पण नाही पुसणार."

त्यांनी टोपी उचलून परत गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, ठीक आहे, तुझ्याकडचे राहू दे, निदान बाकीच्या फोनमधले तरी बंद कर. मी म्हटलं, ते माझ्या हातात नाही. मुस्कान पंधरा वर्षांची झाली आहे, तिच्या टोळीत यंदा अकरा पोरं बसतात, आणि शेजारच्या दोन टोळ्यांनी तिच्याकडून व्हिडिओ नेले आहेत. त्यातली काही पोरं तर आमच्यातली नाहीतच, त्यांना नुसतं ते तोंड बघायला आवडतं. "तिथलं बंद करायचं असेल तर तुम्हालाच जावं लागेल, सदर साहेब. जाऊन त्या पोरांना समोर बसवा आणि सांगा, आता शिकू नका. पत्ता देऊ?"

मी खरंच कागद घेतला. कारखाना, फाटा, कालव्याच्या पलीकडं उजव्या हाताला कोप्या, ट्रॉली उभी असते ती खूण, सगळं नीट लिहिलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि टोपी घालून निघून गेले.

अजून तरी ते तिकडं गेल्याचं ऐकलं नाही. आणि व्हिडिओ एकही पुसलेला नाही.